वाईला दहाच मिनिटं?

महाबळेश्वरला निघालेली मंडळी वाईत गाडी थांबवतात, ढोल्या गणपतीला हात जोडतात, घाटावर फोटो काढतात आणि पसरणीच्या घाटाला लागतात. झाली वाई बघून! मला हे काही पटत नाही.

गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. मागं जाऊन ती बघणारे किती?

आणि वाई म्हणजे नुसती देवळं नव्हेत. धुळ्याकडचा एक मुलगा शिकायला म्हणून इथल्या प्राज्ञपाठशाळेत आला आणि पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाला. त्यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम याच गावी उभं राहिलं. पहिला खंड १९७६ साली निघाला. भोवती उसाची आणि हळदीची शेतं, बाजाराला आलेले शेतकरी, आणि आत टेबलांवर जगभरच्या विषयांच्या नोंदी तपासल्या जात होत्या!

ज्ञान फक्त पुण्या-मुंबईत असतं, हा समज मी वर्गातल्या मुलांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकला. आता नातवंडंही तेच म्हणतात. भाषणं देऊन तो जाणार नाही. त्यांना वाईला न्या. एक मुक्काम करा, कृष्णेच्या पायऱ्यांवर निवांत बसा आणि हे सगळं त्यांना सांगा. महाबळेश्वर कुठे पळून जात नाही.