भरती कधी आहे, हे आधी विचारा

२५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात आमच्याकडे येऊ नका, असं मी फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमचं नारळी-पोफळीचं आगर आहे. आगरात घर आणि घराच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी खोल्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, माड मुळासकट पडले. नवीन लावलेला माड धरायला सहा-सात वर्षं लागतात. तोपर्यंत घर चालवायचं ते या खोल्यांवर. त्यामुळे आलेलं गिऱ्हाईक मी परत का पाठवते, हे नीट सांगणं भाग आहे.

त्या एका आठवड्यात इथे जे होतं, त्याला कोकण बघणं म्हणता येणार नाही. मुंबईहून निघालेल्या आणि पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून आलेल्या गाड्या माणगावातच एकमेकींना भेटतात आणि तिथेच तासन् तास उभ्या राहतात. पाहुणे रात्री अकराला पोचतात, तोवर भाकऱ्या गार झालेल्या असतात. सगळ्या गावाचे पंप एकाच वेळी चालू, त्यामुळे विजेचा दाब पडतो आणि टाकीत पाणी चढत नाही. मदतीला येणाऱ्या बायका पहाटे चारला उठून रात्री बाराला घरी जातात. पापलेटचा भाव असा चढलेला असतो की बंदरावर जाऊन मीच रिकाम्या हाताने मागे फिरते. एवढं करून पाहुणा काय घेऊन जातो? गर्दीतला एक सूर्यास्त आणि दुपटीचं बिल.

आणि मग जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडतो. हवा सगळ्यात चांगली, आंब्याला मोहोर आलेला, मासे भरपूर, आणि खोल्या रिकाम्या.

फोनवरचे प्रश्न मला आता पाठ झालेत. काकू, एसी आहे का? बीच किती मिनिटांवर? थर्टी फर्स्टला काय कार्यक्रम ठेवलाय? सगळे प्रश्न रास्त आहेत, माणूस पैसे मोजून येणार, तर विचारणारच. पण ज्या समुद्रासाठी दहा तासांचा प्रवास सोसायचा, तो समुद्र तुम्ही याल तेव्हा कुठे असेल, हे कोणी विचारत नाही. पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, काही दिवसभर एकसारखी नसते. काही संध्याकाळी ती इतकी रुंद होते की पाण्यापर्यंत चालून पाय दुखावेत. काही संध्याकाळी लाटा थेट सुरूच्या झाडांखाली येतात आणि उभं राहायलाही जागा उरत नाही. हे आधी कळतं, आणि अगदी सोप्या हिशोबाने कळतं.

माझ्या सासूबाई शाळेत फार शिकल्या नाहीत, पण पाऊणकी त्यांना तोंडपाठ. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा पाऊणे सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा तास इकडेतिकडे धरायचा. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि दर दिवशी सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे. हर्णैच्या बंदरातली माणसं घड्याळ आणि मोबाइल असूनही अजून असंच बोलतात. अचूक वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवरही मिळतं. पण भिंतीवरची दिनदर्शिका बघून मुंबई-पुण्यात बसल्याबसल्या सहलीचे दिवस ठरवायला पाऊणकी पुरेशी आहे.

आता हे सहलीला लावून बघा. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सूर्य सहाच्या पुढे-मागे बुडतो. सूर्यास्ताला लांब, ओली, आरशासारखी पुळण हवी असेल तर त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस धरा, पौर्णिमेचे किंवा अमावास्येचे. तेव्हा पाणी संध्याकाळी मागे गेलेलं असतं. हे उधाणाचे दिवस, भरतीला पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला खूप मागे जातं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती. तेव्हा पाणी फार वर नाही, फार मागे नाही आणि त्याची ओढही कमी असते. बरोबर लहान मुलं असतील तर मी हे दिवस सुचवते. मात्र त्या दिवसांत सूर्यास्ताला भरती असते आणि पहाटेही, त्यामुळे फिरायला सकाळी पाणी ओसरायला लागल्यावर जायचं.

उधाणाच्या दिवसांत समुद्रात उतरणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. भरती वर चढत असते तेव्हा पाणी माणसाला किनाऱ्याकडे ढकलतं, सुकती लागली की तेच पाणी आत ओढतं. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे ही ओढ सगळ्यात वाईट. वरून पाणी शांत दिसतं आणि पायाखालची वाळू सरकत असते. पोहता येतं म्हणणारी तरुण मुलं त्याच ठिकाणी जातात. कोणी बुडाल्याची बातमी आली की गाव दोन दिवस जेवत नाही. त्या मुलाची आई नंतर किनाऱ्यावर येऊन बसते, ते बघवत नाही. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नाही.

गाड्यांचंही तेच. पौर्णिमेच्या दुपारी चार वाजता पुळण टणक आणि मोकळी दिसते, म्हणून गाडी थेट आत घालतात. ओल्या वाळूखाली पाणी असतं. चाक एका जागी फिरलं की ती वाळू पातळ होते आणि गाडी बसते. मग ट्रॅक्टर, दोरखंड, आरडाओरडा. रात्री साडेअकराच्या भरतीला इंजिनापर्यंत पाणी. दर हिवाळ्यात अशी छायाचित्रं वर्तमानपत्रात येतात आणि लोक ती बघून हसतात. मला त्यात हसू येत नाही, कारण हिवाळा हा कासवांच्या विणीचा काळ आहे.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री याच पुळणीवर चढतात, वाळूत खड्डा करतात, शंभराच्या वर अंडी घालतात आणि परत जातात. अंड्यांतून पिल्लं यायला ४५ ते ६० दिवस लागतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी जपायला सुरुवात केली. एके काळी जी अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं उकरून न्यायची, ती आता कुंपणाच्या आत सुरक्षित पुरली जातात. आंजर्ल्यातही हे काम उभं राहिलं. पहाटे कोणी तरी किनारा पायी तुडवून मादीच्या पावलांचा माग शोधतं, तेव्हा घरटं सापडतं. त्या मागावरून रात्री चार गाड्या फिरल्या की माग पुसला आणि घरटंही गेलं. गाड्यांचे दिवे आणि फटाके बघून मादी अर्ध्यातून परत फिरते, ते वेगळंच. पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये या, आठवड्याच्या मधल्या वारी या, वेळासच्या लोकांच्या घरात राहा. डिसेंबरात येऊन पिल्लं कुठे आहेत म्हणून विचारणाऱ्यांना मला नाही म्हणावं लागतं आणि वाईट वाटतं.

डिसेंबरात बघायला दुसरं आहे. कुरव पक्षी दिवाळीनंतर येतात आणि पुळणीवर थव्याने बसतात. त्यांना फरसाण टाकू नका आणि फोटोसाठी मुलांना थव्यात पळवू नका. ते फार लांबून आलेले असतात, त्यांना विसावा हवा असतो. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी तुकतुकीत असतं. डॉल्फिन बघायला होडीत बसायचं ते तेव्हाच. दुपारी वारा फिरतो, लाटा उठतात, मग होडीवाल्याला घाई करून उपयोग नाही.

संध्याकाळी हर्णैचा मासळी लिलाव उभ्याने बघावा. बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांतली मासळी काठाला आणतात, बायका बोली लावतात, बर्फ फुटत असतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात हा आहे. मला त्याचा अभिमान आहे आणि काळजीही. गर्दी वाढणार हे उघड आहे, आणि ती वर्षाच्या शेवटच्या आठ दिवसांतच वाढली तर हा किनारा तिला पुरा पडणार नाही.

जेवणाचं थोडं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या भागात अनेक घरांत मासे शिजत नाहीत. त्या दिवशी याल तर कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मिळेल. ते नाखुशीने जेवू नका, आमच्या घरातलं सणाचं जेवण आहे ते. आंबा डिसेंबरात नसतो. थंडीही बेताची असते, पहाटे शाल लागते आणि दुपारी पारा तिशीच्या पुढे जातो. भर दुपारी किनाऱ्यावर तापत बसण्यापेक्षा पन्हाळेकाजीला जा. कोरलेली २९ लेणी, शेजारी नदी, आणि बहुतेक वेळा दुसरं माणूस नसतं.

यायचं कसं? सगळ्यांनी स्वतःच्या गाडीनेच यावं असं काही नाही. कोकण रेल्वेने खेडला उतरा, तिथून दापोली सुमारे ३० किलोमीटर, आणि दापोली स्टँडवरून मुरुड, हर्णै, आंजर्ले, केळशी, दाभोळ सगळीकडे एसटी जाते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख चुकवू नका. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना पूर्ण मोफत. घरातली म्हातारी माणसं गाडीत जागा नाही म्हणून मागे राहतात, त्यांना घेऊन या. आमच्या पडवीत त्यांना मुलांपेक्षा जास्त आवडतं. आणि आमचं मुरुड दापोलीचं आहे, महर्षी कर्व्यांचं. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात. नकाशात नुसतं मुरुड टाकून भलतीकडे पोचलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

मुलांना सुट्टी नाताळातच मिळते, ऑफिसातही रजा तेव्हाच, ही अडचण मला कळते. ज्यांना दुसरा पर्याय नाही, त्यांनी निदान ३० तारखेच्या आत परत फिरावं. पण ज्यांच्या घरात शाळकरी मुलं नाहीत, ज्यांची नोकरी संपली आहे, ज्यांना बुधवारी रजा टाकता येते, ते लोकही ३१ तारखेलाच का येतात, हे मला समजत नाही. पौषात आमच्याकडे लग्नं नसतात, रस्ते मोकळे, माणसं मोकळी. तेव्हा मी पाहुण्यांबरोबर दोन घटका बसू शकते. आठ दिवसांची तुडुंब कमाई आणि नंतर महिनाभर शुकशुकाट, यावर आमची घरं उभी राहत नाहीत. तीच माणसं तीन महिन्यांत वाटून आली तर मदतीच्या बायकांना रोज काम मिळेल, विहिरीला दम मिळेल, कचरा उचलता येईल.

सरकारकडे आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींकडे माझं मागणं मोठं नाही. पुळणीवर उतरणाऱ्या प्रत्येक वाटेवर एक फळा लावा आणि रोज सकाळी खडूने त्यावर तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ लिहा. शाळेतली मुलंसुद्धा हे काम आनंदाने करतील. त्याच वाटेवर चिऱ्याचे खांब असे रोवा की माणूस जाईल, बैलगाडीला वेगळी वाट राहील आणि मोटार आत जाणार नाही. गाडी अडकल्यावर दंड करून मोडलेलं घरटं परत येत नाही. आणि नोव्हेंबर ते मे, निदान गर्दीच्या किनाऱ्यांवर, पगारी जीवरक्षक नेमा. गावातच उत्तम पोहणारी मुलं आहेत आणि त्यांना काम हवं आहे.

तुमच्याकडेही मागणं आहे. या हिवाळ्यात कोकणातल्या कुठल्याही घरी फोन कराल, तेव्हा पहिला प्रश्न भरतीचा विचारा, दुसरा मासळीचा, आणि एसीचा सगळ्यात शेवटी. एक गाव धरा आणि तिथेच तीन रात्री राहा. प्लास्टिक आणाल ते परत न्या. २६ जानेवारीची जोडून आलेली सुट्टी सोडली, तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून सोमवार ते गुरुवार आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक घरांत खोल्या मोकळ्या असतात.