फळ्यामागचे डबे

एल्फिन्स्टन हायस्कुलातली ती गोष्ट आपल्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मास्तरांनी भीमाला गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं आणि वर्गात एकच कल्ला झाला. फळ्यामागे सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे होते. पोरं धावली, डबे उचलले, आणि मग भीमाने खडू हातात घेतला. गणित सुटलं. डबे वाचले.

दर चौदा एप्रिलला ही गोष्ट स्टेजवरून सांगतात. टाळ्या पडतात, डीजे सुरू होतो, आपण घरी जातो. कुणी विचारतं का लेको, की तो फळा आज कुठाय आणि ते डबे कुठं गेले?

फळा आता पांढरा झालाय. त्याला खडू लागत नाही, डस्टर लागत नाही. बोट टेकवलं की उजळतो. पृथ्वी फिरते, हृदय धडधडतं, डायनासोर डरकाळी फोडतो. आणि त्याचं नाव काय, तर टचस्क्रीन. म्हणजे बघा, ज्या फळ्याला आपला विटाळ होत होता त्याचं नावच आता 'शिवा'. पांढरपेशे लगेच म्हणणार, झालं की मग, यंत्राला जात नसते, कुणीही यावं आणि बोट लावावं.

कुणीही? त्या वर्गाच्या दारापर्यंत यायची फी किती, ते विचारा ना आधी.

आमच्या वस्तीतल्या शाळेत तीन वर्षांपूर्वी असाच एक मोठा टीव्ही आला. पुढारी आले, नारळ फुटला, पेपरात फोटो छापला. माझी भाची तेव्हा चौथीत होती. पहिल्या दिवशी पेढा खाऊन नाचत आली. पुढच्या महिन्यात विचारलं, काय गं, काय दाखवलं टीव्हीवर? तर म्हणाली, ''मामा, टीव्ही लय भारी हाय. पण त्यो झोपल्याला असतो.'' झोपलेलाच होता. वर प्लास्टिकची खोळ, खाली कुलूप. किल्ली मुख्याध्यापकाच्या खिशात, कारण फुटला तर पगारातून वसुली होईल ही त्याला धास्ती. त्यात शाळेचं वीजबिल थकलेलं. वर दोन मास्तरांतला एक मतदारयाद्या करत वस्तीवस्ती हिंडतोय. उरलेल्या एकाने चार वर्ग एका खोलीत बसवलेत. साहेब तपासणीला आले की खोळ निघते, हृदय धडधडतं. साहेब गेले की हृदय बंद.

मी त्या मास्तराला शिव्या देणार नाही. तो बिचारा आपल्यातलाच आहे, शिक्षणसेवक म्हणून घासला गेलाय. पदवी-पदविका घेतलेल्या माणसाला आधी काही वर्षं मानधनावर राबवायचं ही ह्या राज्याची २००० सालापासूनची रीत. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन कित्येक वर्षं महिना ६ हजारांवर अडकलं होतं, २०२३ साली कुठं ते १६ हजार झालं. त्या ६ हजारांत त्याने काय खावं आणि काय शिकवावं? टीव्हीला मात्र पैसा मिळतो. टीव्ही पेन्शन मागत नाही. संप करत नाही. कंत्राटदाराला टक्का देतो.

ही आजची खोड नाही. १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं रोखठोक मांडलं होतं की सरकारचा पैसा वरच्यांच्या उच्चशिक्षणावर उधळू नका, प्राथमिक शिक्षण सगळ्यांना सक्तीनं द्या, आणि मास्तर शेतकरी-बहुजनांतून तयार करा, त्यांना धड पगार द्या. मागणी मास्तराची होती. ती मागणी बाजूला ठेवून तेव्हापासून आपल्या हातात एकेक खेळणं दिलं जातंय. १९७५-७६ साली उपग्रहावरून सहा राज्यांतल्या जवळजवळ २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. वर्षभराने अमेरिकेने आपला उपग्रह परत नेला, प्रयोग संपला. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी निघाली. २०१७ साली तिला टाळं लागलं. १९८७ ला खडू-फळा योजना आली. तिचं म्हणणं एवढंच की प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या असाव्यात, दोन शिक्षक असावेत, फळा आणि शिकवायचं साहित्य असावं. चांद नव्हता मागितला कुणी. आणि आज? सरकारचीच २०२४-२५ ची आकडेवारी सांगते की देशात एक लाखाच्या वर शाळा एकशिक्षकी आहेत. तिथं ३३ लाखांवर पोरं बसतात. दुसरा मास्तर १९८७ साली निघालाय, अजून वाटेत आहे. मधल्या काळात टॅब आले, क्यूआर कोड आले, आता एआय येतंय. तिसरीपासून शिकवणार म्हणे. एकट्या मास्तरापुढं चार वर्ग बसलेत, त्यात तो एआय शिकवणार. च्यायला, आधी त्याला लघवीला जायची सवड तरी मिळू द्या.

मग आला करोना, आणि सगळ्यांचं सोंग उघडं पडलं.

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. सरकार म्हणालं, शाळा बंद पण शिक्षण चालू, ज्याचं त्याने फोन आणा, ज्याचं त्याने रिचार्ज मारा. साताऱ्याच्या शाळेत भीमाला बसायला गोणपाट घरून न्यावं लागायचं आणि संध्याकाळी परत आणावं लागायचं, कारण शाळेच्या बस्करावर त्याला जागा नव्हती. सव्वाशे वर्षांनी पुन्हा तेच, बसायचं साधन घरून आणा. फक्त गोणपाटाला पैसे पडत नव्हते. फोनला दहा हजार पडतात.

आमच्या चाळीवजा खोपटात एकच फोन. तो भावजीसोबत सकाळी नाक्यावर जायचा, कारण मुकादमाचा फोन आला नाही तर काम नाही. रात्री फोन घरी यायचा तेव्हा वर्ग संपलेला असायचा. बहीण चार घरची धुणीभांडी करायची. त्यातल्या एका घरात मालकिणीचा पोरगा बंद खोलीत लॅपटॉपसमोर बसून शिकायचा, आणि ही बाहेर त्याची ताटली घासायची. एकच महामारी, एकच शहर, भिंतीच्या अलीकडं-पलीकडं दोन शाळा.

हे आमच्याच घरचं रडगाणं आहे असं कुणाला वाटत असेल तर आकडे घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या साथींनी पंधरा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गोरगरीब वस्त्यांत जाऊन सुमारे १४०० पोरांना विचारलं. महाराष्ट्रही त्यात होता. खेड्यातल्या दलित-आदिवासी पोरांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी किती? शंभरात ४. तिथल्याच बाकीच्या गरीब पोरांत १५. गरीब तर दोघेही होते. तरी तिथंही चार आणि पंधरा. यंत्राला जात नसते म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे कपाळावर गोंदवून घ्यावेत.

आपण हे भोगत होतो तेव्हा दुकानदारांची दिवाळी होती. बायजूज् नावाची कंपनी क्रिकेट टीमच्या छातीवर बसली होती. २०२२ साली तिची किंमत २२ अब्ज डॉलर लावली होती. किंमत कशाची? आईबापांच्या भीतीची. पोरगं मागं पडेल, मागं पडेल, म्हणून कर्ज काढून कोर्स घ्या. त्याच वर्षी डिसेंबरात बालहक्क आयोगाने कंपनीच्या मालकाला बोलावणं धाडलं. आरोप हा की आईबापांना गळाला लावून कर्जात उतरवतात. आणि आयोगाचा अध्यक्ष म्हणाला की ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी शाळेत जातंय त्यांनाच हेरलं जातंय. पहिल्यांदाच शाळेत जाणारे कोण असतात दोस्त? मी सांगायची गरज आहे का? २०२४ ला कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात उभी राहिली. लोकांचे हप्ते मात्र कापले गेले ते गेलेच.

सरकारनेही ॲप काढलं, सप्टेंबर २०१७ मध्ये. नाव काय ठेवलं? दीक्षा. आपल्याला दीक्षा म्हटलं की नागपूर आठवतं, १९५६ आठवतं, लाखोंचा पांढरा सागर आठवतो. ह्यांनी मोबाइलमधल्या व्हिडिओला ते नाव दिलं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने १,३१४ शाळा बंद करायचं ठरवलं, पोरं दहापेक्षा कमी आहेत म्हणून. दहापेक्षा कमी पोरं कुठल्या शाळेत असतात? तांड्यावर, पाड्यावर, गावकुसाबाहेर. मग २०२३ ला समूहशाळेची टूम निघाली. वीसपेक्षा कमी पोरांच्या शाळा मोडा, पोरं मोठ्या शाळेत न्या, तिथं म्हणे डिजिटल सुविधा मिळतील. आठ वर्षांच्या पोरीने तीन-चार किलोमीटर रान तुडवत जायचं स्क्रीन बघायला. ती जाणार नाही. बाप तिला पाठवणार नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न ठरवतील आणि तुमच्या पोर्टलवर ती 'स्थलांतरित' म्हणून नोंदली जाईल.

आता डब्यांची गोष्ट. डबे आजही आहेत, ते इंटरनॅशनल शाळांच्या एसी वर्गात आहेत. शिक्षणहक्क कायद्याने त्या शाळांत २५ टक्के जागा आपल्या पोरांना ठेवल्या. म्हणजे भीमाला पुन्हा फळ्याजवळ बोलावलं. तर फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्या सरकारने नियमच बदलला. जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्या जागा द्यायची गरज नाही. बघितलंत डबे उचलायची धावपळ? ह्या खेपेला पोरं नाही धावली, मंत्रालय धावलं. जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टाने तो नियम रद्द केला म्हणून वाचलो.

आणि गंमत बघा, ज्या सिलिकॉन व्हॅलीत ही यंत्रं बनतात तिथले साहेब आपली पोरं कुठं घालतात? तिथं एक शाळा आहे, जिथं खालच्या वर्गांत कॉम्प्युटरच नाही. खडू, फळा, लोकर, लाकूड. अमेरिकेतल्या पेपराने २०११ सालीच छापलं होतं हे. स्वीडनने २०२३ साली लहान पोरांच्या हातातून टॅब काढून छापील पुस्तकं परत द्यायला सुरुवात केली. त्यांच्या पोराला जिवंत मास्तर, आपल्या पोराला व्हिडिओ. आणि तो व्हिडिओ बोलतो कुठली भाषा? ''चला तर मग बालमित्रांनो.'' आमच्या खोपटात बालमित्र म्हणून कुणाला कुणी हाक मारत नाही. पोरगं तिथंच उठून जातं.

कुणी म्हणेल, हा यंत्राचा दुश्मन दिसतोय. नाही बाबा. चरखा कातत बसणारी जात आपली नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात गांधीवादाची सालं काढली ती ह्याच मुद्द्यावर. यंत्र नको म्हणणं म्हणजे कष्टकऱ्याने जनावरासारखं राबतच राहावं असं म्हणणं, यंत्राने फुरसत मिळते आणि फुरसतीत माणूस माणूस होतो. यंत्र आपल्याला पायजे. पण ते मास्तराच्या हातात पायजे, मास्तराच्या खुर्चीत नको. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकांना क्यूआर कोड लावले त्यांनी. बक्षीस मिळालं ते माणसाला. सरकारने त्यातला कोड उचलला, माणसं भरायची विसरले. आणि मुक्ता साळवे? मांगाची चौदा वर्षांची पोर, तीन वर्षं शिकून १८५५ साली धर्मालाच प्रश्न विचारणारा निबंध लिहिते. तिच्यापुढं कुठला प्रोजेक्टर होता? समोर सावित्री-जोतीबा होते.

शेवटी थोडं आपल्याच लोकांचं. आपल्यातला साहेब झाला की पहिलं काय करतो? सरकारी शाळेतून पोराचं नाव काढतो. त्याला टचस्क्रीन मिळते आणि वस्तीला त्याच्याकडून वर्षातून एकदा वह्यांचं वाटप मिळतं, फोटोसकट. आणि आपण? आपण चळवळीची पोरं रील काढतो. निळ्या झेंड्याखाली गॉगल लावून. वस्तीतल्या शाळेच्या पायरीवर शेवटचे कधी चढलो होतो, आठवतंय? शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात शंभरातले पंचाहत्तर पालक असले पायजेत, निम्म्या बाया असल्या पायजेत. आमच्या शाळेच्या समितीत कोण आहे हे मी परवापर्यंत विचारलं नव्हतं. विचारलं तर माझ्या बहिणीचंच नाव निघालं. तीन वर्षं तिच्या नावापुढं अंगठा उठतोय. तिला पत्ता नाही. ती सही करते, हे अंगठा उठवणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

सोमवारी सकाळी अकराला बैठक आहे. बहीण चारही घरचं काम बुडवून जाणार आहे, चार मालकिणींची बोलणी खाऊन. आम्ही सातजण तिच्याबरोबर जातोय. टीव्हीची किल्ली मागायला, आणि दुसरा मास्तर मागायला. ते म्हणतील आज किल्ली घेऊन जा, मास्तराचं वर कळवतो. किल्ली घ्यायची, आणि तिथून उठायचं नाही.