सहसंपादन की संमतीचा देखावा?

कलाधिष्ठित शैक्षणिक संशोधनाच्या पुरस्कर्त्यांनी गेल्या तीन दशकांत एक मोलाचे काम केले, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. कथा, कविता, चित्र, नाट्य हे केवळ संशोधनाचे विषय नसून संशोधनाच्या रीतीही असू शकतात, हा एलियट आइस्नर आणि टॉम बॅरोन यांचा आग्रह काही विद्यापीठांनी तरी स्वीकारला. रिश्मा डनलॉप यांनी १९९९ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाला प्रबंध म्हणून कादंबरीच सादर केली. तेव्हा आक्षेप रीतीला नाही. तो आहे या संशोधनाच्या सहलेखनाच्या दाव्याला.

शिक्षक, विद्यार्थी व संशोधक एकत्र बसून संहिता घडवतात, तिचे संपादन करतात आणि त्या घडणीवर चिंतन करतात, असे सांगितले जाते. परंतु संपादन म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे वगळणे. कोणाचे वाक्य कोणी खोडले, हे जोवर कळत नाही तोवर ‘सह’ या उपसर्गाला काही अर्थ नाही.

बॅरोन व आइस्नर यांनी १९९७ मध्ये अशा संशोधनाची सात लक्षणे सांगितली. संदिग्धता, व्यंजक भाषा, सहानुभूती यांच्या जोडीला संशोधक-लेखकाची निजमुद्रा हेही त्यांतले एक लक्षण आहे. अनुभव अनेकांचा आणि मुद्रा एकाची, हा अंतर्विरोध या परंपरेने पुरेसा गंभीरपणे घेतलेला नाही. रिटा आयर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांची ‘ए/आर/टोग्राफी’ कलावंत, संशोधक व शिक्षक या तीन भूमिका तिरप्या रेघांनी जोडते. या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत नांदू शकतात. विद्यार्थ्याला मात्र त्या नावात अक्षर नाही. शिकवण्यातच शिकणे अंतर्भूत आहे, असे उत्तर यावर दिले जाते. ते देणारा बहुधा शिकवणाराच असतो.

याच्या शेजारी १९६७ सालचे एक पुस्तक ठेवून पाहावे. बार्तचा लेखकाच्या मृत्यूवरील निबंध प्रसिद्ध झाला तेही हेच वर्ष. फ्लॉरेन्सच्या उत्तरेस डोंगरातल्या बार्बियाना येथील शाळेतल्या आठ मुलांनी लिहिलेले पत्र मराठीत ‘प्रिय बाई’ या नावाने परिचित आहे. त्यांची पद्धत पुस्तकातच नोंदलेली आहे: प्रत्येक विचार स्वतंत्र चिठ्ठीवर लिहायचा, सर्व चिठ्ठ्या टेबलावर मांडून गट पाडायचे, पुनरुक्ती काढायची, मग खर्ड्याच्या प्रती सर्वांना देऊन कात्री व रंगीत पेन्सिली घेऊन बसायचे. शेवटी फारसे न शिकलेल्या बाहेरच्या माणसांकडून मजकूर मोठ्याने वाचून घ्यायचा. अर्थ स्पष्ट करणाऱ्या सूचना घ्यायच्या, सावधगिरीपोटी केलेल्या नाकारायच्या. या शेवटच्या नियमात संपादनाचे एक अख्खे राजकारण आहे. आणि पुस्तकावर नाव आले ते शाळेचे.

यावर कोणी म्हणेल की बार्बियानातही दोन लोरेन्झो मिलानी यांची अधिसत्ता होतीच. ‘दोन’ ही इटलीतील धर्मगुरूची उपाधी. आणि त्या संहितेत मिलानींचा हात किती, हा वाद खरोखरच झालेला आहे. परंतु तो वाद शक्य झाला, हेच महत्त्वाचे. संपादनाची रीत उघड सांगितली गेल्यामुळे वाचक ती तपासू शकतो, तिच्यावर संशय घेऊ शकतो. ‘आम्ही सर्वांनी मिळून’ एवढ्यावरच थांबणाऱ्या प्रबंधावर संशय घेण्याचीही सोय नसते.

चिंतनाचेही तेच. संशोधक आपल्या अस्वस्थतेविषयी, आपल्या सत्तास्थानाविषयी पानेच्या पाने लिहितो. मात्र ही कबुलीही त्याच्याच लेखणीतून उतरते आणि तिच्यामुळे त्याची निजमुद्रा अधिकच ठसठशीत होते. सहभागी मूल त्या चिंतनाला उत्तर देत नाही. पदवी एकाची, आणि सहलेखकांची नावे ऋणनिर्देशात: हा व्यवहार आपल्या विद्यापीठांतील प्रबंधांनाही अपरिचित नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. सहसंपादनाचा दावा करणाऱ्याने खर्डे जपावेत. वगळलेला मजकूर आणि न मिटलेले मतभेद संहितेतच नोंदवावेत. सहभागी व्यक्तीला नकाराचा आणि, तिची इच्छा असेल तर, नावाचा अधिकार द्यावा. यामुळे कृतीची सौंदर्यात्मक एकात्मता भंगेल, अशी भीती व्यक्त होईल. भंगू द्यावी. एकाचाच सूर अनेकांचा म्हणून ऐकवणारी एकात्मता कलेच्या कसोटीवर कदाचित उतरेल. संशोधनाच्या कसोटीवर उतरणार नाही.