पूर्ण नाव काय?

ऑफिसात नवा मुलगा जॉइन होतो. कॅन्टीनमधला पहिला चहा. 'नुसतं राहुल? पूर्ण नाव काय?' तो आडनाव सांगतो. दोन सेकंद शांतता. मग 'अच्छा अच्छा' आणि विषय थेट क्रिकेटवर! त्या दोन सेकंदांत काय झालं, ते टेबलावर सगळ्यांना कळलेलं असतं. पण विचारून बघा, उत्तर ठरलेलं. 'छे, आपण नाही बुवा जातपात मानत!'

गंमत म्हणजे, असाच काहीसा प्रकार जिनिव्हातही झाला आहे. वंशभेदाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा १९६५ चा एक करार आहे. भारताने तो १९६८ मध्ये मान्य केला. कोणता देश तो कसा पाळतो, हे १८ तज्ज्ञांची समिती तपासते. वंश, वर्ण यांच्या जोडीला करारात आणखी एक शब्द आहे : 'जन्मकुळ'. तो घालायची सूचना कोणाची? खुद्द भारताची! पण पुढे जातीचा विषय निघाला, की सरकार म्हणायचं, जात म्हणजे वंश नव्हे. २००१ मध्ये डर्बनला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद झाली, तिथेही हेच. २००२ मध्ये समितीने स्पष्ट केलं, जन्मकुळात जातही येते. फेब्रुवारी २००७ मध्ये भारताची पाळी आली, तेव्हाही आपलं उत्तर तेच.

त्याच्या पाचच महिने आधीची गोष्ट. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. भैयालाल भोतमांगे यांचं बौद्ध कुटुंब. स्वतःची शेती, शिकणारी मुलं. शेतातून रस्ता नेण्यावरून गावाशी वाद होता. त्यात मारहाणीच्या एका प्रकरणात मायलेकी साक्षीदार झाल्या. त्यातल्या आरोपींना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर चालून आला. भैयालाल यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे, चौघांना ठार मारलं. भैयालाल तेवढे वाचले.

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना २५ वर्षांची कैद दिली. पण अॅट्रॉसिटी कायदा दोन्हीकडे लागू झाला नाही. कारण सूडाचं मानलं गेलं, जातीचं नाही. भैयालाल २०१७ मध्ये गेले, तोवर ते न्यायासाठी झगडत होते.

तुम्ही म्हणाल, शिक्षा झाली ना, मग कारणाला काय नाव दिलं याने काय फरक पडतो?

पडतो, बॉस. सूड म्हटलं, की ते एका गावचं भांडण होतं. आरोपी आत गेले, फाइल बंद. जात म्हटलं, की प्रश्न पुढच्या गावापर्यंत जातो, आणि आपल्या कॅन्टीनपर्यंतही येतो. ज्याची नोंदच नाही, त्याचा जाब कोण कोणाला विचारणार?

हे नातं ओळखायला आपल्याला जिनिव्हाची गरजही नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्येच 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. म्हणजे इथलं आणि तिथलं दुखणं सारखंच आहे, हे पुण्यात बसून एका माणसाला दिसलं होतं.

सोमवारी ऑफिसात पुन्हा कोणीतरी नवं येईल. चहा येईल. 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न ओठांवर आला, तर आधी स्वतःला विचारा : मला नक्की काय जाणून घ्यायचंय?