‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्यांसाठी

‘राजकारणाचा वीट आला बुवा, सगळे एकाच माळेचे मणी’ हे महाराष्ट्रात आता चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. वीट येण्यासारखं घडलंही आहे. 2019 च्या नोव्हेंबरात तो ‘पहाटेचा शपथविधी’ झाला, 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, 2023 च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली. या चार वर्षांत अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ तीनदा घेतली आणि तिन्ही वेळा मुख्यमंत्री वेगळे होते: फडणवीस, ठाकरे, शिंदे. हे सगळं बघूनही ज्याला वीट आला नसेल, त्याचं कौतुकच करायला हवं.

माझा वाद विटण्याशी नाही, त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी आहे. निष्कर्ष असा : नेते सगळे सारखे, म्हणून लोकांनी राजकारणाकडे पाठ फिरवली, आणि माध्यमं विकली गेलेली, म्हणून कशातच काही अर्थ उरलेला नाही.

आधी पाठ फिरवण्याचं बघू. 2019 च्या विधानसभेला राज्यात 61 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं होतं. फोडाफोडीची पाच वर्षं उलटल्यावर, म्हणजे विटण्याची सगळी सोय झाल्यावर, 2024 मध्ये ते 66 टक्क्यांवर गेलं. (मतदारयाद्यांवर विरोधकांनी घेतलेले आक्षेप गंभीर आहेत, त्यांची तड लागलीच पाहिजे. पण याद्यांवर शंका घेणारा माणूसही मत मोलाचं मानतो म्हणूनच शंका घेतो.) करवीरमध्ये मतदान 80 टक्क्यांच्या पुढे गेलं, गडचिरोली जिल्ह्यात 70 च्या वर. मुंबईतल्या कुलाब्यात मात्र 45 च्या आसपासच घुटमळलं. ‘लोक विटले’ हे वाक्य सर्वांत जास्त कुठे बोललं जातं आणि कुठून प्रक्षेपित होतं, हे वेगळं सांगायला नको. दक्षिण मुंबईचा कंटाळा साऱ्या महाराष्ट्राच्या नावावर खपवला जातो आहे.

आणि हा मतदार नुसता रांगेत उभा राहतो असंही नाही. नांदेडचं उदाहरण घ्या. अशोक चव्हाण 2024 च्या फेब्रुवारीत काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले, तेव्हा ‘नांदेडचा निकाल लागला’ असंच बहुतेकांनी गृहीत धरलं. नेता गेला म्हणजे जिल्हा गेला, हे गणित. जूनमध्ये तिथे काँग्रेसचे वसंतराव चव्हाण 59 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक झाली. एकाच दिवशी, एकाच केंद्रावर मतदारांनी दोन बटणं दाबली. त्या लोकसभा क्षेत्रातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. लोकसभेची जागा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण 1,457 मतांनी घेऊन गेले. मुंबईला पाठवायचा माणूस वेगळा आणि दिल्लीला पाठवायचा वेगळा, असा हिशेब करणारे हजारो लोक त्या रांगांमध्ये होते. त्यात सहानुभूती असेल, लाडक्या बहिणीचे दीड हजार असतील, गावकीचं राजकारणही असेल. कंटाळा मात्र नव्हता. ‘सगळे सारखेच’ म्हणणारा माणूस दोन बटणांसाठी दोनदा विचार करत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग पक्ष बदलणाऱ्यांना लोकांनी धडा का शिकवला नाही? प्रश्न रास्त आहे. ‘काय झाडी, काय डोंगार’मुळे घराघरांत पोचलेले शहाजी पाटील सांगोल्यात पडले हे खरं. पण शिंदेंबरोबर गेलेले बहुतेक आमदार पुन्हा निवडून आले, हेही तितकंच खरं. मला ते आवडलेलं नाही. तरीही ‘लोकांना काही वाटतच नाही’ असं त्यावरून म्हणता येत नाही. पक्षांतराचा राग लोकांनी गटारीच्या, पाण्याच्या, दवाखान्यातल्या चिठ्ठीच्या कामांच्या शेजारी ठेवून तोलला, आणि पुष्कळ ठिकाणी तो हलका भरला. तो का हलका भरला, हे पुढे येईलच.

आता माध्यमांचं. ‘सगळी विकलेली’ हा आरोप निराधार नाही. 2009 च्या निवडणुकीत अशोक चव्हाणांचं गुणगान करणारा ‘अशोक पर्व’चा तोच मजकूर, शब्दही न बदलता, वेगवेगळ्या मराठी वृत्तपत्रांत वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावाने छापून आला होता. पी. साईनाथ यांनी तो उघड केला. पण 2024 मध्ये जे घडलं त्याचा उलगडा नुसत्या पैशाने होत नाही. 1 जूनच्या संध्याकाळी जवळपास सगळे मतदानोत्तर अंदाज रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेऊन बसले, मिळाल्या 293. महाराष्ट्रात महायुती 48 पैकी 17 वर थांबली. लगेच तेच चेहरे, त्याच खुर्च्यांवरून, विधानसभा महाविकास आघाडीच्या खिशात असल्यासारखं बोलू लागले. नोव्हेंबरात काँग्रेस, ठाकरे आणि शरद पवार या तिघांच्या मिळून जागा आल्या 46. सहा महिन्यांत दोनदा चूक, आणि दोन्ही विरुद्ध दिशांना! विकलेली लेखणी धन्याच्या बाजूने चुकते. ही तर कालच्या निकालाच्या बाजूने चुकत होती.

याचं कारण पाकिटात नाही, न्यूजरूमच्या फोनमध्ये आहे. ‘त्यांच्याकडे चाललंय, आपल्याकडे का नाही?’ असा फोन डेस्कवरून वार्ताहराला जातो. मग त्यालाही तीच ‘सूत्रं’ सापडतात. गावात वेगळं दिसलं आणि तसं लिहिलं तर खुलासा द्यावा लागतो. सगळ्यांबरोबर चुकलं तर कोणी विचारत नाही. सगळ्यांबरोबर चुकण्याचं हे संरक्षण हाच कळपाचा पगार.

चुकलेल्या भाकितांनी फारसं बिघडत नाही, निकाल लागला की ती विरतात. खरं नुकसान होतं ते सगळ्यांनी मिळून न पाहिलेल्या गोष्टींचं. मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि तिथे प्रशासक आला. पुढची तीन वर्षं उलटली तरी नगरसेवक नव्हते. मुंबई पालिकेचा 2023-24 चा 52,619 कोटींचा अर्थसंकल्प प्रशासकानेच मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला, स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्या, असं सांगावं लागलं. एवढ्या काळात किती रात्री या विषयावर चर्चा झाल्या? गुवाहाटीच्या हॉटेलच्या फाटकाबाहेर कॅमेरे रात्रंदिवस उभे होते. पालिकेच्या रिकाम्या सभागृहात उभं राहायला कोणाला वेळ नव्हता. ‘नेते सगळे सारखे’ म्हणणाऱ्या नागरिकानेही हे विचारलं नाही. ‘सारखेच’ म्हटलं की विचारण्याची जबाबदारी संपते, आणि ज्याचा हिशेब सर्वांत वाईट त्याचंच त्यात सर्वांत भलं होतं.

पक्षांतराचा राग हलका का भरला, याचंही उत्तर याच न विचारण्यात आहे. त्या रागाला पत्ता नव्हता. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, आमदार अपात्र आहे की नाही हे ठरवायचं विधानसभेच्या अध्यक्षांनी. ते किती दिवसांत, याला कायद्यात मुदत नाही. 2022 च्या जूनमधल्या बंडावर सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी निकाल दिला आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा असं सांगितलं. अध्यक्षांचा निर्णय आला 10 जानेवारी 2024 रोजी. शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. तोवर विधानसभेची मुदत संपत आली होती. मतदारासमोर प्रश्न आला तो इतका शिळा होऊन आला.

तेव्हा वीट येऊ द्या, पण तो नाव-गाव सांगून येऊ द्या. अपात्रतेचा निर्णय ठरावीक दिवसांत लागलाच पाहिजे, या दुरुस्तीला तुमचा पाठिंबा आहे की नाही, एवढा एकच प्रश्न तुमच्या आमदाराला आणि खासदाराला लेखी विचारा. उत्तर आलं तर तुमच्या वर्तमानपत्राला पाठवा, नाही आलं तर तेही कळवा. आणि संपादकांनी ते छापलं नाही, तर का नाही छापलं, हेही त्यांना विचारा.