नाच रोजचा हवा

मैत्रिणींनो, व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात पोरं नाचतात, टाळ्या पडतात आणि संध्याकाळी त्यातलीच काही पानठेल्यावर खर्रा चघळतात. आमची मुर्री असो की गोंदिया, एका दिवसाच्या नाचानं सवय सुटत नाही.

मानसशास्त्रज्ञ हार्वे मिल्कमन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला मुलांना नाच-संगीत शिकवणं सुरू केलं. नशेतली धुंदी नाचातही मिळते, हा त्यामागचा विचार. पुढे आइसलँडनं खेळ, संगीत, नाचाचे नियमित वर्ग चालवले, पालकांनाही सोबत घेतलं. तिथं महिन्याभरात दारूनं झिंगलेली १५-१६ वर्षांची मुलं १९९८ मध्ये ४२ टक्के होती. २०१६ मध्ये ५ टक्के.

आपली दंडार मग मंडईपुरतीच का? रोज संध्याकाळी तासभर सराव होऊ द्या, पोरींनाही घ्या. आपण आयांनी पाळीपाळीनं तिथं बसायचं. एवढं तर जमेल ना?