धरण उशाला, कोरड घशाला

काळी नदी जोयडा तालुक्यातच उगम पावते. 1987 साली पूर्ण झालेल्या सुपा धरणाने तिचे सुमारे 147 टीएमसी पाणी अडविले आणि जुने सुपा गाव त्याखाली गेले. विस्थापित रामनगरात वसले. अनमोड घाट चढून जाणाऱ्या गोमंतकीयांना ते परिचित आहे. विजेसाठी घरदार सोडणाऱ्या या लोकांना तेथे पिण्याच्या पाण्यासाठी झगडावे लागले, ही गोष्ट कोणत्याही सरकारला भूषणावह नाही.

2019 च्या जलजीवन मिशनने माणशी दररोज 55 लिटर पाण्याचे वचन दिले. हेतू स्तुत्यच. परंतु हिमालयीन राज्यांना केंद्र 90 टक्के वाटा देते, कर्नाटकाला निम्मा. सह्याद्री हा काय डोंगर नव्हे? क्षेत्रफळाने जिल्ह्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या तालुक्याची लोकसंख्या 2011 साली जेमतेम 52 हजार होती. विखुरलेले वाडे, मध्ये रान, त्यात व्याघ्र प्रकल्पाच्या परवानग्या! येथे माणशी खर्च वाढणारच. त्यावर बोट ठेवून योजना अडविणे हा शुद्ध अन्याय होय.

2008 च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणाने प्रकल्पाची एक टक्का वीज स्थानिक विकासनिधीसाठी राखण्याचे तत्त्व स्वीकारले. काळीवरील प्रकल्प त्याआधीचे. कर्नाटक सरकारने ते तत्त्व स्वेच्छेने काळीला लागू करावे. त्या पैशांतून वाड्यांवरचे झरे व विहिरी बांधून काढाव्यात, आणि पंपाचे वीजबिल पंचायतीच्या माथी न मारता तेथूनच भरावे.